इंटेलला पैसा कमी नव्हता, काम देणाऱ्या पार्ट्या कमी होत्या

बडोद्यात सध्या चिपचा विषय काढा, दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो गुजरात आता दुसरं तैवान झालंच समजा, साणंदला मायक्रॉनचा, धोलेऱ्याला टाटांचा चिपचा कारखाना, अजून काय पाहिजे. दुसरा म्हणजे आपला पुण्याचा नातेवाईक, लग्नाला आला की पंगतीत बसल्या बसल्या सुरू, तुम्ही आमचा वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना पळवलात. अहो ती २०२२ ची गोष्ट, जुलै २०२३ ला फॉक्सकॉनने हात झटकले, तळेगावातून गेलेला तो प्रोजेक्ट आमच्याकडे पण लागला नाही, मग पळवला काय नि राहिला काय. पण गंमत बघा, भांडण कितीही असू दे, दोघांचा हिशोब एकच, कारखाना कुठे लागला. लागला की जिंकलो. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला अमेरिकेच्या इंटेल या चिप कंपनीइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण कारखाने तर इंटेलकडे ढीगभर आहेत आणि त्या कारखान्यांनीच तिला आत्ता या दिवसाला आणलंय.

आधी आकडे घ्या, मी कॉस्टिंगवाला माणूस, मला त्याशिवाय बोलता येत नाही. २०२१ ला इंटेलची विक्री होती ७,९०० कोटी डॉलर. २०२४ ला ५,३१० कोटी. आणि त्या वर्षीचा निव्वळ तोटा १,८८० कोटी डॉलर, रुपयात दीड लाख कोटीच्या वर. त्यात चिप बनवायचा जो विभाग आहे, ज्याला ते फाउंड्री म्हणतात, त्याचा एकट्याचा ऑपरेटिंग तोटा १,३४० कोटी डॉलर. टाटांचा धोलेऱ्याचा अख्खा प्रोजेक्ट ९१ हजार कोटी रुपयांचा आहे, म्हणजे इंटेलच्या फाउंड्रीने एका वर्षात जे घालवलं त्यात धोलेरा उभा राहून वर पैसे उरले असते. ऑगस्ट २०२४ ला १५ हजार माणसं काढणार म्हणून जाहीर केलं तर दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के आपटला, १९७४ नंतरचा सगळ्यात वाईट दिवस. १९९२ पासून चालू असलेला डिव्हिडंड बंद. नोव्हेंबरमधे डाउ जोन्स या अमेरिकन शेअर निर्देशांकातून नाव गेलं आणि जागेवर कोण आलं तर एनव्हिडिया. डिसेंबर उजाडता उजाडता सीईओ पॅट गेलसिंगर घरी.

असं का झालं त्याची यादी आता सगळ्यांना पाठ आहे त्यामुळे मी पटपट सांगून टाकतो. आयफोनची चिप बनवायचं काम दाराशी आलं होतं, तेव्हाच्या साहेबांना त्यात मार्जिन दिसलं नाही, नको म्हणाले. २००६ ला मोबाईलच्या चिपचा होता तो धंदा पण मार्वेलला ६० कोटी डॉलरला देऊन टाकला. १० नॅनोमीटरची चिप (हा आकडा जितका लहान तितकी चिप पुढची) २०१५-१६ ला यायची ती धड बाजारात यायला २०१९ उजाडलं, पुढची ७ वाली पण लेट होणार हे २०२० ला कबूल करावं लागलं आणि त्याच वर्षी ऍपलने मॅकमधून इंटेलला काढायला सुरुवात केली. मधल्या काळात १,६७० कोटी डॉलरला अल्टेरा नावाची चिप कंपनी घेतली, आणि २०२५ ला तिचा ५१ टक्के हिस्सा विकला तेव्हा अख्ख्या कंपनीची किंमत धरली ८७५ कोटी. निम्मे पैसे बुडाले, पण हे पण सोडा.

मला खटकतो तो दुसराच आकडा. १९९० पासून इंटेलने स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यात १५,२०० कोटी डॉलर घातले. हो, पंधरा हजार दोनशे कोटी. २०२१ ला थांबले तेव्हा उशीर झाला होता. आणि याच काळात नवीन चिप छापायला लागणारं जे ईयूव्ही मशीन, जगात फक्त नेदरलँड्सची एएसएमएल बनवते, त्या एएसएमएलमधे २०१२ ला ४१० कोटी डॉलर घालणारी कंपनी पण इंटेलच. म्हणजे मशीन तयार व्हायला पैसा यांचा लागला आणि तैवानच्या टीएसएमसीने ते २०१९ ला उत्पादनात लावून दाखवलं, इंटेलच्या लाइनवर यायला २०२३ झालं. तेव्हा कोणी म्हणालं ना की बिचाऱ्या इंटेलकडे पैसा नव्हता म्हणून सरकारला यावं लागलं, तर त्याला हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवायचे.

आता घसाऱ्याचं सांगतो, हे कोणी फारसं बोलत नाही आणि मला तर यातच सगळी कहाणी दिसते. चिपच्या कारखान्यात बिल्डिंगचा खर्च त्यामानाने कमी, खरा पैसा मशिनांत. मशीन आलं की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी खर्चात टाकायची, चाललं तरी टाकायची, धूळ खात बसलं तरी टाकायची. इंटेल ही मशिनं पाच वर्षांत लिहून टाकायची. जानेवारी २०२३ पासून म्हणाले आमची मशिनं आठ वर्षं टिकतात. बस, एका ओळीच्या नोटने त्या वर्षीचा घसारा ४०० कोटी डॉलरच्या आसपास खाली आला. आणि २०२३ ला ऑपरेटिंग नफा किती दाखवला होता तर ९.३ कोटी डॉलर. हा बदल केला नसता तर तिथे उणे चिन्ह लागलं असतं हे सांगायला सीए असायची गरज नाही. बेकायदेशीर काही नाही यात, सगळं छापून दिलेलं आहे, ऑडिटरची सही आहे. पण २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत त्याच जुन्या लाइनवरच्या मशिनांचे ३१० कोटी डॉलर एका झटक्यात उडवावे लागले, कारण त्यांच्यावर करायला तेवढं कामच नाही असं दिसलं, आणि ती तिमाही १,६६० कोटी डॉलर तोट्याची निघाली. मशीन आठ वर्षं टिकेलही हो, काम आठ वर्षं टिकणार आहे का हा प्रश्न होता.

आणि इथे येतो मुद्दा पार्ट्यांचा.

आमच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एक नेहमीचा प्रकार आहे. शेठ स्वतःचा व्हॉल्व्ह बनवून विकतात, धंदा बरा चाललेला असतो, मग बँकेचं लोन काढून दोन मोठी व्हीएमसी, म्हणजे धातू कापायची कॉम्प्युटरवर चालणारी, मशिनं आणतात. मशिनं इतकी मोठी की स्वतःच्या व्हॉल्व्हने भरत नाहीत. मग म्हणतात चला, बाहेरचं जॉबवर्क घेऊ. पण आजूबाजूला काम देऊ शकणारे कोण, तर बाकीचे व्हॉल्व्हवालेच. ते कशाला आपलं ड्रॉइंग या शेठच्या टेबलावर ठेवतील? आज ड्रॉइंग दिलं, उद्या तोच माल शेठच्या कॅटलॉगमधे. आणि दिवाळीच्या आधी दोघांच्या ऑर्डरी एकदम आल्या तर मशीनवर आधी कोणाचा पीस चढणार हे पण सगळ्यांना माहीत. मशीन रात्रपाळीला बंद, हप्ता चालू. अशा शेठला बँकेने टॉप-अप लोन दिलं म्हणजे त्याला मदत केली असं होत नाही.

इंटेल हुबेहूब याच खुर्चीत बसलीय. २०२१ ला गेलसिंगर आले आणि म्हणाले आता आम्ही बाहेरच्यांच्या पण चिपा बनवून देऊ. विचार बरोबर होता, माणूस इंजिनिअर होता, कंपनीतच वाढलेला. पण बाहेरचे म्हणजे कोण, एएमडी, एनव्हिडिया, क्वालकॉम, ऍपल, ज्यांच्याशी कुठे ना कुठे इंटेलचीच टक्कर. २०२४ ला फाउंड्रीची विक्री दाखवली १,७५० कोटी डॉलरच्या आसपास, त्यात खऱ्या बाहेरच्या पार्टीचं काम ४० कोटीच्या आत, बाकी सगळं इंटेलने इंटेललाच विकलेलं, एका खिशातून दुसऱ्या खिशात. आणि कहर म्हणजे त्याच वर्षी इंटेलच्या स्वतःच्या लॅपटॉपच्या नव्या चिपा, लुनार लेक, कुठे बनल्या तर टीएसएमसीकडे. घरचाच माणूस बाहेर जेवतोय तर पाहुणा कशाला येईल.

२०२५ च्या जुलैमधे नवे सीईओ लिप-बू टान यांच्या काळात कंपनीने स्वतःच कागदावर लिहून दिलं, की १४ए नावाच्या पुढच्या टेक्नॉलॉजीसाठी बाहेरची मोठी पार्टी मिळाली नाही तर आम्ही ती थांबवू किंवा सोडून देऊ. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गचा ३,००० कोटी युरोचा कारखाना रद्द, पोलंडचा रद्द, ओहायोचा जो २०२५ ला चालू व्हायचा तो २०३०-३१ वर ढकलला. ओहायोत पण मोठमोठ्या लोकांनी फावडी हातात घेऊन फोटो काढले होते बरं का, २०२२ ला.

आणि मग आलं सरकार. ७ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प म्हणाले टान यांनी ताबडतोब राजीनामा द्यावा, आणि २२ ऑगस्टला जाहीर झालं की अमेरिकन सरकार इंटेलचा ९.९ टक्के हिस्सा घेतंय. दोन आठवड्यांत नोकरीवरून काढा ते आम्हीच पार्टनर. शेअर २०.४७ डॉलरने, एकूण ८९० कोटी डॉलर, त्यातही ताजा पैसा नव्हता, आधी मंजूर झालेलं अनुदानच शेअरमधे फिरवून घेतलं. लोक म्हणतात सरकारने कंपनीत घुसणंच चूक. मला ते नाही पटत. टीएसएमसी १९८७ ला उभी राहिली तेव्हा तिच्यात निम्म्याच्या जवळ पैसा तैवान सरकारचा होता, पाव हिस्सा फिलिप्सचा, मॉरिस चँग नावाच्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला बोलावून सरकारने कंपनी काढून दिली आणि आज जग तिच्या दारात उभं आहे. सरकारी पैसा वाईट असता तर तीच आधी बुडायला पाहिजे होती. फरक इतकाच की चँगनी पहिल्या दिवशी ठरवलं, स्वतःच्या नावाची चिप विकायची नाही, फक्त दुसऱ्यांची बनवायची. म्हणून एकमेकांचे गळे धरणारे एएमडी आणि एनव्हिडिया दोघं आपापली ड्रॉइंग तिच्याकडे बिनधास्त ठेवतात.

माझा आक्षेप सरकारच्या पैशाला नाही, त्या करारातल्या एका कलमाला आहे. सरकारला अजून ५ टक्के शेअर २० डॉलरने घ्यायचा हक्क दिलाय, पाच वर्षांसाठी, पण तो वापरता कधी येणार तर फाउंड्रीतली इंटेलची मालकी ५१ टक्क्यांच्या खाली गेली तरच. म्हणजे उद्या इंटेलने ठरवलं की चिप डिझाइन करणारी कंपनी वेगळी आणि बनवणारी वेगळी, तर दंड. जो इलाज बाहेरच्या पार्ट्यांची भीती घालवू शकला असता नेमक्या त्याच दारावर सरकारने कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. शेअर त्यानंतर काही महिन्यांतच दीडपटीच्या वर गेला, जपानच्या सॉफ्टबँकेने २०० कोटी डॉलर घातले, एनव्हिडियाने ५०० कोटी घातले, बाजार खूश. पण एनव्हिडियाने त्या करारात शेअर घेतले, फाउंड्रीला ऑर्डर दिली नाही, आणि मकरपुऱ्यातला पोरगा पण सांगेल की शेअर घेणारा वेगळा आणि माल घेणारा वेगळा.

वेगळं केल्याने काय होतं हे इंटेलची प्रोसेसरमधली जुनी प्रतिस्पर्धी एएमडीने करून दाखवलंय. २००९ ला तिने आपले कारखाने अबू धाबीच्या पैशाने वेगळे काढले, त्याची ग्लोबलफाउंड्रीज झाली. तरी पुढची काही वर्षं हालच, २०१५ ला शेअर दोन डॉलरच्या खाली होता, कंपनी जाते की राहते अशी अवस्था. लिसा सू २०१४ ला सीईओ झालेल्या, २०१७ ला त्यांचा रायझन प्रोसेसर आला, २०१९ ला काम टीएसएमसीकडे नेलं आणि २०२२ ला बाजारभावाच्या हिशोबाने एएमडी इंटेलच्या पुढे. सयाजीगंजात पीसी असेंबल करून देणाऱ्यांकडे जाऊन एस्टिमेट घ्या, पूर्वी प्रोसेसरच्या रकान्यात विचारल्याशिवाय इंटेलचा आय-फाइव्ह लिहून मोकळे व्हायचे, आता पेन थांबतं, इंटेल की रायझन, आणि बरोबर आलेला भाचा बोलून जातो, काका, रायझनच टाका ना, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनचं काय झालं माहितीये ना. झालं होतं खरं, २०२४ ला त्या चिपा बसल्या जागी क्रॅश व्हायला लागल्या, इंटेलला दोन वर्षं वॉरंटी वाढवून द्यावी लागली. गिऱ्हाइकाच्या डोक्यातून ते जायला वॉरंटीपेक्षा जास्त वेळ लागतो.

याला उत्तर आहे, आणि मजबूत आहे, ते लपवून मला जिंकायचं नाही. कारखाने वेगळे काढल्यावर एएमडी तरली पण कारखान्यांचं काय झालं? ग्लोबलफाउंड्रीजने २०१८ ला ७ नॅनोमीटरची शर्यतच सोडली. इंटेलची फाउंड्री उद्या सुटी केली तर तिची एकमेव मोठी पार्टी म्हणजे इंटेल, ती पण टीएसएमसीकडे पळाली तर ऍरिझोनातला नवा कारखाना पहिल्याच वर्षी झोपेल, आणि अमेरिकेची स्वतःची म्हणावी अशी, सगळ्यात पुढची चिप बनवणारी कंपनीच उरणार नाही. आणि इंटेल मेलेली पण नाही, डेस्कटॉप-लॅपटॉपच्या प्रोसेसरांत अजून तिचाच माल जास्त विकला जातो, १८ए या तिच्या नव्या टेक्नॉलॉजीवर बनलेली पँथर लेक चिप ऍरिझोनाहून निघाली आहे. हे सगळं मान्य. म्हणूनच मी उद्या सकाळी तोडा म्हणत नाही. काही वर्षांच्या ऑर्डरीचा पक्का करार करून, इंटेलने आपला माल अमुक इतका तिथेच बनवायचा असं बांधून घेऊन, मग तोडा म्हणतो. सरकारने ८९० कोटी डॉलर देताना हे बांधून घ्यायला पाहिजे होतं, त्याऐवजी एकत्रच रहा म्हणून बांधून घेतलं. ५१ टक्के इंटेलचे असेपर्यंत एएमडीचा माणूस आपलं पुढच्या तीन वर्षांचं ड्रॉइंग त्या टेबलावर ठेवणार नाही, माझ्या मते तरी नाही, कितीही भिंती बांधल्या तरी.

आता धोलेरा. एक गोष्ट बरी आहे, टाटांची स्वतःच्या नावाची चिप कोणाच्या पोटावर पाय देत नाही, म्हणजे मकरपुऱ्याच्या शेठचा प्रॉब्लेम तिथे नाही. पण दुसरा आहे. तिथे बनणार २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड, तैवानच्या पीएसएमसीची टेक्नॉलॉजी, महिन्याला ५० हजार वेफर, म्हणजे ज्यावर चिपा छापतात त्या चकत्या. २८ वाईट नाही, गाड्या, मीटर, वायफाय, सगळीकडे लागतं, उगाच कोणी नाक मुरडू नये. पण टीएसएमसीने २८ आणलं २०११ ला. तिथल्या त्या लाइनींचा घसारा कधीच संपला, मशीन फुकटात पडलंय, आता जे येईल त्यातलं बरंचसं नफा. चीनने पण याच जाडीत भरपूर कारखाने टाकलेत. भाव तोडायची वेळ आली तर ज्याचं मशीन फिटलंय तो तोडणार आणि ज्याचं नवं आहे तो बघत बसणार. म्हणूनच केंद्र प्रोजेक्टचा निम्मा खर्च देतंय आणि राज्य वर स्वतःचा भाग घालतंय, ते चूक नाही, नव्याला तेवढा टेकू लागतोच. मायक्रॉनच्या साणंदच्या प्रोजेक्टमधे तर २७५ कोटी डॉलरपैकी कंपनीचे स्वतःचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी.

पण हा सगळा पैसा मिळतो कशावर, बिल्डिंग आणि मशिनांवर. माल बाहेर गेला का यावर नाही. माझं म्हणणं एवढंच की त्यातला एक भाग, समजा चौथाई, मागे ठेवा आणि बाहेरच्या पार्टीला वेफर विकल्याच्या बिलावर सोडा. ग्रुपमधल्या ग्रुपमधे विकलेलं धरायचं नाही, इंटेलचं बघितलं ना वर. आणि सरकार स्वतः मोठं गिऱ्हाईक आहे की, विजेचे स्मार्ट मीटर आहेत, रेल्वे आहे, त्यांच्या टेंडरमधे इथल्या चिपला जागा द्या, अनुदानापेक्षा ते जास्त कामाचं. आत्ता करार बरेच झालेत, २०२४ ला ऍनालॉग डिव्हायसेस या अमेरिकन चिप कंपनीबरोबर, डिसेंबर २०२५ ला चक्क इंटेलबरोबर, की इंटेलचा माल टाटांकडे बनवता आणि पॅक करता येईल का ते बघू. ज्या कंपनीला २०२४ ला स्वतःच्याच जुन्या मशिनांवर काम कमी पडलं होतं ती आपल्याला काम देणार, बघू म्हणजे बघूच. पॅकिंगचं मात्र मला खरं वाटतं, तिथे इंटेलला स्वस्त हात पाहिजेच आहेत.

कलाभवनची, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची, पोरं हल्ली विचारायला येतात, काका, धोलेऱ्याला अप्लाय करू का. करा की, का नाही करायचं, बंगलोरपेक्षा घर जवळ. फक्त इंटरव्ह्यूला गेलात की शेवटी ते विचारतात ना, तुमचे काही प्रश्न आहेत का, तेव्हा एसी बसचं आणि कँटीनचं विचारू नका, विचारा की साहेब, या लाइनवर कोणाकोणाचा माल चढणार आहे आणि पुढच्या तीन वर्षांत लाइन किती टक्के भरलेली असेल. आणि उत्तरात सगळी नावं आपल्याच ग्रुपची निघाली तर पगार जरा घासूनच मागा.